धानाच्या चुकाऱ्यातला पहिला डीएसएलआर

एकूण रक्कम ३०,००० रुपये. धानाचे चुकारे, म्हणजे विकलेल्या भाताचे पैसे, खात्यात आले, त्यातून सोसायटीचं कर्ज आणि पुढच्या हंगामाचा खर्च बाजूला काढल्यावर डीएसएलआरसाठी, म्हणजे लेन्स बदलता येणाऱ्या, आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यासाठी, एवढेच उरत होते. बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा), लेन्स, कार्ड, जास्तीची बॅटरी, बॅग, सगळं त्यातच बसवायचं होतं. पूर्व विदर्भातल्या ब्रह्मपुरी-वडसा पट्ट्यात राहून फोटो कशाचे काढायचे हेही ठरलेलं होतं: भाऊबीजेनंतर गावोगाव भरणारी मंडई (गावजत्रा), रात्रभर चालणारी झाडीपट्टीची नाटकं, हिवाळ्यातले शंकरपट (बैलजोड्यांच्या शर्यती) आणि जमलंच तर मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावावरचे पक्षी. ही यादी आम्ही कागदावर लिहिली आणि दुकानात जाण्याआधी महिनाभर तिच्यावरच काम केलं. दुकानात "चांगला कॅमेरा दाखवा" म्हटलं की समोरचा मेगापिक्सेल सांगू लागतो. यादी हातात असली की आपण त्याला विचारू शकतो, "रात्रीच्या नाटकाला हा चालेल का, आणि कोणत्या लेन्सवर?"

पहिलं काम उजेड मोजण्याचं. त्यासाठी वेगळं यंत्र लागत नाही, खिशातला मोबाईल पुरतो. नाटकाला जाऊन मोबाईलच्या मुख्य कॅमेऱ्याने, नाईट मोड बंद करून, रंगमंचाचे पंधरा-वीस फोटो काढले. नाईट मोड बंद करायचा कारण त्यात मोबाईल अनेक फोटो एकमेकांवर रचतो आणि मग आकडे फसवे येतात. गॅलरीत फोटोची माहिती उघडली की तीन आकडे दिसतात: ॲपर्चर (लेन्सचं छिद्र किती उघडं; एफचा आकडा लहान तितकं छिद्र मोठं), शटर स्पीड (सेकंदाच्या किती भागापुरता उजेड आत आला), आयएसओ (फोटो टिपणाऱ्या सेन्सरची संवेदनशीलता). आमच्या बहुतेक फोटोंत ते एफ १.८, १/५० आणि आयएसओ ८०० च्या आसपास होते. उजेडाचं गणित सेन्सर लहान की मोठा यावर बदलत नाही, त्यामुळे हेच आकडे डीएसएलआरला जसेच्या तसे लावता येतात.

आता १/५० ला उभा नट धड येतो, पण हात उचलला की हात फराटा होतो. नाटकात निदान १/१२५ हवा. म्हणजे उजेड अडीच पट कमी, म्हणजे आयएसओ २०००. हे झालं एफ १.८ वर. कॅमेऱ्याबरोबर येणारी १८-५५ ची किट लेन्स ५५ मिमीला एफ ५.६ च्या पुढे उघडतच नाही. एफ १.८ आणि एफ ५.६ यांत उजेडाचा फरक साडेनऊ पटींहून जास्त. म्हणजे त्याच प्रसंगाला किट लेन्सवर आयएसओ १९,००० च्या वर जायला हवं. आमच्या खिशाला परवडणाऱ्या बॉडींची नेहमीची मर्यादा ६,४०० ते २५,६०० च्या मधे संपते, आणि तिथे पोचेपर्यंत चेहऱ्यावर नुसती ठिपक्यांची रांगोळी पडते. हे गणित वहीत मांडलं तेव्हाच खरेदीचा क्रम उलटा झाला. आधी ५० मिमी एफ १.८ लेन्स ठरली, मग तिच्यामागे कोणती बॉडी बसवायची हा प्रश्न आला.

ही ५० मिमी नाटकाला पुरते का, तेही मोजून पाहिलं. कॅननच्या या वर्गातल्या बॉडीचा सेन्सर २२.३ बाय १४.९ मिमीचा असतो. रंगमंचापासून ५ मीटरवर बसलं तर ५० मिमीला आडव्या चौकटीत सव्वादोन मीटर रुंदी मावते आणि कॅमेरा उभा धरला की तेवढीच उंची, म्हणजे फेट्यासकट एक नट पायापर्यंत. ८ मीटरवरून साडेतीन मीटर रुंदी, म्हणजे दोघं-तिघं पात्रं. आमच्याकडे पुढे वाजंत्री बसतात, त्यांच्या बाजूला ५ ते ८ मीटरवर जागा मिळते, तेव्हा हिशेब जुळला. फक्त एक लक्षात ठेवायचं: ५ मीटरवर एफ १.८ ला फोकसची खोली साधारण ७० सेंटिमीटर असते, पण २ मीटरवर ती ११ सेंटिमीटरवर येते. मंडईत दोन मैत्रिणींचा जवळून फोटो घ्यायचा तर एफ २.८ किंवा एफ ४ करावंच लागतं, नाहीतर एकीचे डोळे धारदार आणि दुसरी पुसट.

शंकरपटाचं गणित याच्या उलट. बैल सुटले की १/१००० च्या खाली काही टिकत नाही, पण पट भरतो दिवसा. हिवाळ्यातल्या लख्ख उन्हात एफ ५.६ आणि १/१००० ला आयएसओ २०० पुरतं. म्हणून लांबची लेन्स महागडी, मोठ्या ॲपर्चरची नसली तरी चालते. ५५-२५० मिमीची साधी लेन्स तिथे उत्तम काम करते. ४० मीटरवरून २५० मिमीला साडेतीन मीटर रुंदी मिळते, जोडी समोरून किंवा तिरपी येत असेल तर चौकट भरते.

पक्ष्यांबाबत मात्र आम्ही सुरुवातीलाच हात आखडता घेतला. ६० मीटरवर बसलेली अडई (लहान रानबदक), लांबी ४० सेंटिमीटर, २५० मिमीवर १८ मेगापिक्सेलच्या फोटोत जेमतेम ४०० पिक्सेल रुंद येते. मोबाईलवर दाखवायलाही तो फोटो कापून कापून उरत नाही. गोंदियाकडे धानाच्या बांधीत उतरणारा सारस माणसाएवढा उंच, तो या लेन्सने मिळू शकतो. बाकी तलावावरचे पक्षी ३०,००० च्या गणितात बसत नाहीत, आणि तसं असूनही कोणी बसवून दाखवत असेल तर तो बहुधा स्थिरीकरण (हाताची थरथर सावरण्याची सोय) नसलेली ३०० मिमीची स्वस्त लेन्स गळ्यात घालतोय. निकॉनची डीएक्स एएफ-पी ७०-३०० याच कारणाने जपून घ्यावी. ती दोन प्रकारांत येते, एकावर व्हीआर (म्हणजे स्थिरीकरण) ही अक्षरं असतात आणि एकावर नसतात, बाकी दोन्ही दिसायला सारख्याच.

बॉडी कोणती, यावर आमच्यात सगळ्यात जास्त वाद झाला. यादीत कॅननच्या १३००डी, १५००डी, २००डी आणि ७००डी होत्या. निकॉनच्या डी३४०० आणि डी५३००. यातल्या बहुतेक आता जुन्याच घ्याव्या लागतात. निकॉनने डी६ नंतर आणि कॅननने ८५०डी नंतर, म्हणजे २०२० नंतर, नवा डीएसएलआर आणलेला नाही; दोघांचं सगळं लक्ष मिररलेसकडे, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांकडे आहे. पहिल्या कॅमेऱ्यासाठी ही बातमी वाईट नाही. लोक मिररलेसकडे वळतात तेव्हा त्यांचा चांगला सांभाळलेला डीएसएलआर आणि लेन्स बाजारात येतात. आणि कॅननच्या ईएफ, ईएफ-एस लेन्स पुढे कंपनीच्या ॲडॅप्टरवर मिररलेसला पूर्ण चालतात, निकॉनच्या एएफ-एस लेन्सही एफटीझेड ॲडॅप्टरवर चालतात. लेन्समध्ये घातलेला पैसा बुडत नाही.

निकॉनचे सेन्सर या किमतीत सरस आहेत, हे मान्य करायला हवं. सावलीतला भाग नंतर उजळवला तर डी५३०० चा फोटो ७००डी पेक्षा स्वच्छ राहतो. बॅटरीतही फरक मोठा: कंपन्यांच्या प्रमाणित मोजणीनुसार डी३४०० एका चार्जवर १,२०० फोटो देतो, १५००डी ५०० आणि ७००डी ४४०. भारनियमनाच्या गावात हा आकडा साधा नाही. पण निकॉनमध्ये लेन्सची एक अडचण आहे आणि नवखा माणूस नेमका तिथे अडकतो. डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडीत फोकसची मोटर नसते. जुनी, स्वस्त ५० मिमी एफ १.८डी लेन्स त्यावर लावली तर फोकस हाताने करावा लागतो, कारण ती मोटरसाठी बॉडीवर अवलंबून असते. मोटर असलेली एएफ-एस ५० मिमी १.८जी घ्यावी लागते आणि ती आम्हाला कॅननच्या लेन्सपेक्षा बरीच महाग पडत होती. दुसरीकडे एएफ-पी लेन्स जुन्या डी३१००, डी३२०० वर फोकसच करत नाहीत, डी३३०० आणि डी५३०० ला आधी फर्मवेअर (कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर) अद्ययावत करावं लागतं. लेन्सचं नाव शेवटच्या अक्षरापर्यंत वाचल्याशिवाय निकॉनमध्ये जुनी खरेदी करू नये.

कॅननमध्ये २०१५ ची ५० मिमी एफ १.८ एसटीएम (फोकसच्या मोटरचा प्रकार) ही एकच गोष्ट आम्हाला पुरेशी होती. वजन १६० ग्रॅम, माउंट (लेन्स बॉडीला अडकते ती कडी) धातूचा, कोणत्याही ईओएस डीएसएलआरवर पूर्ण फोकस. मग उरली बॉडी. ३०००डी यादीतच घेतली नव्हती: माउंट प्लास्टिकचा, धूळ झटकण्याची सोय नाही, आणि चष्म्याच्या नंबराप्रमाणे व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी) जुळवायचं चाकही नाही. १५००डी ला फ्लॅशच्या चपलीतला (फ्लॅश बसवायच्या वरच्या खाचेतला) मधला संपर्कबिंदू नाही; त्यामुळे साधे, कोणत्याही कॅमेऱ्यावर चालणारे स्वस्त फ्लॅश आणि ट्रिगर त्यावर पेटत नाहीत, कॅननसाठी खास बनवलेलेच लागतात. १३००डी ला तो बिंदू आहे, पण तिथेही माइकची जागा नाही, आणि दोन्ही सेकंदाला ३ फोटोंवर थांबतात. शंकरपटाला ३ अपुरे पडतात, दोन फोटोंच्या मधे जोडी निघून जाते. २००डी सगळ्यांत आवडला होता. व्हिडिओतला त्याचा फोकस फार चांगला. पण तो घेतला असता तर ५५-२५० ला काही उरलं नसतं.

राहिला ७००डी, २०१३ चा. १८ मेगापिक्सेल, सेकंदाला ५ फोटो, नऊही फोकसबिंदू क्रॉस प्रकारचे, फिरणारा टचस्क्रीन, माइकची जागा, आणि फ्लॅशची पूर्ण चपल. वाय-फाय नाही, त्यासाठी २०० रुपयांचा कार्ड रीडर मोबाईलला लावता येतो. मंद उजेडात क्रॉस बिंदू महत्त्वाचे, कारण साधा बिंदू एकाच दिशेच्या रेघेवर फोकस पकडतो आणि अंधाऱ्या रंगमंचावर पुढेमागे शोधत बसतो. आणखी एक कारण साधं पण मोठं होतं. तालुक्यातल्या दोन फोटो स्टुडिओंत कॅननच होते. नागपूर शंभर किलोमीटरच्या वर. लग्नसराईत बॅटरी किंवा चार्जर दगावला तर सीताबर्डीला कोण पळणार? शेजारी ज्याच्याकडे मागता येईल त्याच्या जातीचा कॅमेरा घ्यावा.

जुना कॅमेरा तपासण्याचं काम आम्ही दिवसाच, उघड्या अंगणात केलं. बरोबर घेतलं ते असं: स्वतःचं रिकामं कार्ड, मोबाईलचा टॉर्च, लॅपटॉप आणि यूएसबी केबल, एक वर्तमानपत्र. विकणारे सगळेच "दादा, घरीच ठेवलेला हाये, एकदम नवा" म्हणतात. त्यांच्याशी वाद घालायचा नाही, फक्त तासभर मागायचा. जो तासभर द्यायला तयार नाही त्याच्याकडून उठायचं.

आधी नुसतं बाहेरून. माउंटच्या आणि बुडाच्या स्क्रूंच्या डोक्यावर स्क्रूड्रायव्हरचे ओरखडे असतील तर कॅमेरा उघडलेला आहे. बॅटरीचं झाकण उघडून आत हिरवट डाग आहेत का ते बघायचं. ते पाणी किंवा ओल शिरल्याची खूण. ७००डी सारख्या फिरत्या स्क्रीनच्या कॅमेऱ्यात बिजागरीतून एक पातळ पट्टी-केबल जाते. लाइव्ह व्ह्यू (मागच्या स्क्रीनवर थेट दिसणारं चित्र) चालू ठेवून स्क्रीन सावकाश प्रत्येक कोनात फिरवायचा. एखाद्या कोनात चित्र काळं पडलं किंवा चमकलं तर ती केबल चिरत आलेली आहे. बॅटरी टेबलावर ठेवून फिरकी द्यावी. भिंगरीसारखी फिरली तर ती फुगलेली आहे.

मग लेन्स काढून. कॅननची लेन्स बॉडीवरून काढली की तिचं ॲपर्चर पूर्ण उघडं राहतं, त्यामुळे तपासणं सोपं. मागच्या बाजूने टॉर्च तिरपा धरून पुढून बघायचं. धुळीचे दहा-बारा कण दिसतीलच, त्यांनी फोटोवर काही होत नाही. बुरशी मात्र वेगळी ओळखू येते: सरकी काढताना बोटाला चिकटलेल्या कापसाच्या तंतूंसारखे बारीक पांढरे धागे, एका बिंदूपासून फांद्या फुटल्यासारखे पसरलेले, बहुधा काचेच्या काठाकडून आत येणारे. आम्ही पाहिलेल्या चार किट लेन्सपैकी दोन या परीक्षेतच गेल्या. समोरून, साध्या उजेडात, दोन्ही काचेसारख्या स्वच्छ दिसत होत्या. बुरशी काचेवरचा लेप खाते. साफ केली तरी त्या जागी ओरखडल्यासारखा डाग राहतो, आणि उन्हाकडे तोंड करून काढलेला फोटो धुरकट येतो. स्वस्त मिळते म्हणून अशी लेन्स घरात आणू नये.

यानंतरची चाचणी बहुतेक लोक विसरतात. कॅमेऱ्यात बघताना लेन्स कायम पूर्ण उघडी असते, ॲपर्चर फक्त शटर पडताना क्षणभर मिटतं. म्हणून ॲपर्चरची केबल तुटलेली किट लेन्स व्ह्यूफाइंडरमधून निर्दोष दिसते, फोकसही करते, एफ ३.५ ला फोटोही काढते. एफ ८ किंवा एफ १६ केलं की कॅमेरा अडतो आणि एरर ०१ दाखवतो. लेन्सच्या पितळी टिपक्या पुसूनही तीच एरर येत असेल तर केबल गेली. १८, ३५ आणि ५५ मिमी, तिन्ही ठिकाणी एफ १६ चे दोन-दोन फोटो काढावेत, कारण केबल अर्धवट चिरलेली असेल तर ती एकाच झूमवर दगा देते.

सेन्सरसाठी एफ २२, आयएसओ १००, फोकस हाताने मुद्दाम बिघडवून आभाळाचा फोटो. पुसट गोल ठिपके म्हणजे धूळ, ती ब्लोअरने (हाताने दाबायच्या रबरी फुग्याने) जाते. ब्लोअर मारूनही तिथेच राहिलेले ठिपके तेलाचे असू शकतात. रेघ दिसली तर कोणीतरी काडीने सेन्सर पुसलेला आहे, तो सौदा तिथेच सोडायचा. मग झाकण लावून आयएसओ १६०० ला १/६० चा फोटो. काळ्या पडद्यावर लाल-निळे टपोरे ठिपके असतील तर बिघडलेले, कायम पेटलेले (हॉट) पिक्सेल. आणि १/४००० ला आभाळाचे पाच फोटो. एखाद्यात काळी पट्टी आली की शटरचे पडदे बरोबर धावत नाहीत.

फोकसची परीक्षा ५० मिमी लावून, एफ १.८ ला. वर्तमानपत्र ४५ अंशात टेकवलं, दीड मीटरवरून मधल्या बिंदूने एका ठळक मथळ्यावर फोकस केला, पाच फोटो. नंतर तेच लाइव्ह व्ह्यूमध्ये. व्ह्यूफाइंडरने काढलेल्या पाचही फोटोंत मथळ्याच्या वरची किंवा खालची ओळ धारदार येते आणि लाइव्ह व्ह्यूमध्ये मथळाच धारदार येतो, तर फोकसचं आतलं जुळणं हललेलं आहे. महागड्या बॉडीत हे मेनूतून दुरुस्त करता येतं. ७००डी मध्ये ती सोय नाही. घसरणीचा अंदाज एकाच फोटोवरून बांधू नये, हात हलला तरी असंच दिसतं.

शटर किती पडलं आहे, ते निकॉनच्या फोटोच्या माहितीत लिहिलेलं असतं, कोणताही ताजा जेपीजी घेऊन वाचता येतं. कॅननमध्ये ते फोटोत नसतं. केबलने लॅपटॉपला जोडून छोट्या सॉफ्टवेअरने बॉडीतून वाचावं लागतं. फाइलच्या नावातल्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, तो ९,९९९ नंतर पुन्हा सुरू होतो आणि हवा तेव्हा शून्यही करता येतो. या वर्गातल्या शटरचं आयुष्य साधारण १ लाख धरतात. घेतलेल्या बॉडीवर ३१,००० होते. लग्नाच्या स्टुडिओतून आलेल्या एका बॉडीवर ते १ लाख १८ हजार निघाले, रबर मात्र नवं चढवलेलं होतं.

व्यवहार बिलावर. बुडावरचा अनुक्रमांक डब्यावरच्या आणि बिलावरच्या आकड्याशी जुळला पाहिजे. बिल हरवलं असेल तर विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत आणि अनुक्रमांक लिहिलेली सही घ्यावी. ऑनलाइन जाहिरातींत "मी लष्करात आहे, बदली झाली, आधी अर्धे पाठवा, कॅमेरा कुरिअरने येईल" असं म्हणणारे भेटतात. ही जुनी फसवणूक आहे. वस्तू हातात घेऊन तपासल्याशिवाय एक रुपयाही पाठवायचा नाही.

हिशेब शेवटी असा बसला. ७००डी बॉडी आणि १८-५५ एसटीएम किट लेन्स १४,५००. ५० मिमी एसटीएम, जुनी, ६,०००. ३२ जीबीची दोन कार्डं १,०००. दुसरी बॅटरी १,२००. बॅग ९००. ब्लोअर, मायक्रोफायबर कापड, हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आर्द्रतामापक मिळून ९००. उरले ५,५००, आणि ५५-२५० ची जुनी आयएस २ (स्थिरीकरण असलेली) लेन्स ६,५०० च्या खाली मिळाली नाही, म्हणून हजार रुपये वर गेले. ही जुनी लेन्स एसटीएमपेक्षा फोकसला संथ आहे. शंकरपटात बैलांच्या मागे फोकस पळवण्याऐवजी धावपट्टीवरची एक जागा आधी फोकस करून ठेवायची आणि जोडी तिथे येण्याआधी अर्धा क्षण बटण दाबून ठेवायचं, सेकंदाला पाच फोटोंच्या वेगाने. ट्रायपॉड घेतला नाही. स्वस्त ट्रायपॉड वाऱ्यात ज्या कामासाठी घेतला तेच करत नाही, तो नंतर घेता येतो. यूव्ही फिल्टरही नाही. रंगमंचाचे दिवे समोर असताना साध्या फिल्टरच्या काचेत दिव्यांची भुतं उमटतात.

एका मोठ्या कार्डापेक्षा दोन लहान बरी, एक बिघडलं तर अर्धी रात्र तरी वाचते. बनावट कार्डं सर्रास मिळतात. नवं कार्ड आलं की एच२टेस्टडब्ल्यू सारख्या सॉफ्टवेअरने पूर्ण भरून परत वाचून बघावं. बनावट कार्डावर ३२ लिहिलेलं असतं आणि ८ नंतरचं सगळं हवेत जातं.

पहिल्या नाटकाला मॅन्युअल मोडवर १/१२५, एफ २, आयएसओ २५०० पासून सुरुवात केली. दोन गोष्टींनी घोळ घातला. एलईडी दिव्यांमुळे काही फोटोंत आडवे गडद पट्टे आले. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा मिणमिणतात; शटर १/१०० किंवा १/५० केलं की बहुतेक पट्टे जातात. म्हणून शांत प्रसंगाला १/१०० आणि लावणीला पट्ट्यांचा धोका पत्करून १/२५०. दुसरं, लाल दिवा. लाल उजेडात कॅमेऱ्याला एकूण फोटो बरोबर वाटतो, पण लाल रंग आधीच फुटलेला असतो आणि चेहरा सपाट, मेणाचा दिसतो. लाल प्रवेशाला उजेड पाऊण स्टॉप (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा) कमी करावा आणि रॉमध्येच, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या फाइलमध्ये, काढावं. या बॉडीचा रॉ २०-२५ एमबीचा, म्हणजे एका कार्डावर बाराशेच्या वर, रात्र निघते. फ्लॅश बंदच. नटांच्या डोळ्यांवर अंधारी येते. आणि नाटक मंडळीला आधी विचारल्याशिवाय पुढे जाऊन फोटो काढूच नयेत.

कॅमेऱ्यांच्या पुस्तिकेत वापराचं तापमान ० ते ४० अंश लिहिलेलं असतं. चंद्रपूर-ब्रह्मपुरीला मे महिन्यात ते जवळजवळ रोजच ओलांडलं जातं. मोटरसायकलच्या डिक्कीत कॅमेरा ठेवायचा नाही, तापण्यासाठीही आणि हादऱ्यांसाठीही. रस्त्याच्या खड्ड्यांनी लेन्सचे आतले स्क्रू सैल होतात. पाठीवरच्या बॅगेत, दुपट्ट्यात गुंडाळून. वाटेत थांबलं की तोच ओला न केलेला पांढरा दुपट्टा बॅगेवर टाकायचा. धूळ काढायला तोंडाने फुंकायचं नाही, आणि पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरची हवा तर अजिबात नाही. त्या हवेत पाण्याचे आणि तेलाचे थेंब असतात आणि तिच्या जोराने सेन्सरसमोरचा शटरचा पडदा वाकू शकतो.

झाडीपट्टीत पाऊस आणि बांधीतलं पाणी जून ते सप्टेंबर घर ओलं ठेवतं. कपाटात, चामड्याच्या पेटीत किंवा ट्रंकेत लेन्स ठेवली तर एका पावसाळ्यात बुरशी धरते. डांबराच्या गोळ्यांनी कीड थांबते, बुरशी नाही. रबरी कडेचा हवाबंद डबा, तळाशी कापडी पुरचुंडीत सिलिका जेल, आत छोटा आर्द्रतामापक. आकडा ४० ते ५० च्या मधे राहिला पाहिजे. ३० च्या खालीही नको, रबर आणि वंगण सुकतं. नारिंगी जेल ओल पिऊन हिरवट झालं की ते काढून, स्वयंपाकाचा नव्हे तर वेगळ्या ठेवलेल्या जुन्या तव्यावर मंद आचेवर परतायचं, पुन्हा नारिंगी होईपर्यंत, आणि पूर्ण गार झाल्यावरच डब्यात. जुलैत आमच्याकडे हे दर दहा-बारा दिवसांनी करावं लागतं. डबा उघडलाच आहे तर बॅटरी बाहेर काढून ठेवावी, आणि प्रत्येक लेन्समधून एकदा टॉर्च फिरवून काठ बघून घ्यावेत.